वर्तमानपत्रांचं टेबल उचलण्याआधी

प्रति,
मुंबईतल्या महाविद्यालयांचे प्राचार्य आणि ग्रंथालय समित्यांचे सदस्य यांस

स. न. वि. वि.

मार्च आला की नियतकालिकांच्या यादीवर लाल पेन फिरतं आणि पहिली काट बसते ती वर्तमानपत्रांवर. समितीच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, ‘एवढे पेपर कशाला? मोबाइलवर सगळं येतंच की.’ यावर कुणी वाद घालत नाही. दहा दैनिकांची पाच होतात, आणि त्यातली दोन सकाळी आधी प्राचार्यांच्या केबिनमध्ये जातात. (दुपारी ती परत खाली येतात; फक्त तोवर शब्दकोडं सुटलेलं असतं.)

मी उपनगरातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. महाविद्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण शहरभरच्या ग्रंथपालांशी बोलताना हीच गोष्ट थोड्याफार फरकाने ऐकू येते. माझी मागणी छोटी आहे. प्रथम वर्षाच्या प्रत्येक वर्गाचे काही तास ग्रंथालयाकडे द्या. ते वेळापत्रकात छापलेले असावेत आणि त्यांना हजेरी असावी. बातमी कुठून आली, तिच्यामागे कोण आहे आणि ती कितपत खरी धरायची, हे शोधायला त्या तासांत आम्ही शिकवू. टेबलावरची वर्तमानपत्रं आणि मागचे अंक हे त्या तासांचं साहित्य आहे. टायट्रेशनचे व्हिडिओ मोबाइलवर मिळतात म्हणून रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून ब्युरेट कुणी काढून टाकलेली मी पाहिली नाही.

‘ओरिएंटेशनमध्ये ग्रंथालय असतंच ना,’ असं उत्तर येईल. असतं. सभागृह भरलेलं, माइकचा आवाज मागच्या रांगांपर्यंत पोचत नाही, आणि मिळालेल्या वेळात ओळखपत्र, दंड, बॅग कुठे ठेवायची आणि अभ्यासिकेत डबा उघडायचा नाही, एवढं सांगून होतं. काही महाविद्यालयांच्या संकेतस्थळावर विश्वासार्ह वृत्तस्रोतांचं एक पानही आहे. त्यावर बीबीसी, रॉयटर्स, एपी, न्यूयॉर्क टाइम्स. यादी चुकीची नाही, पण ती परदेशातल्या एखाद्या विद्यापीठाच्या पानावरून जशीच्या तशी उचललेली दिसते. कळव्याहून येणाऱ्या एफवायबीकॉमच्या मुलीला आपली शिष्यवृत्ती खरंच बंद झाली का हे हवं असतं. ते रॉयटर्स सांगणार नाही.

ते सांगणारा कागद मंत्रालयातून निघतो. महाराष्ट्र शासनाच्या प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी संकेतांक छापलेला असतो, लांबलचक आकडा, सुरुवात वर्ष-महिना-दिवस अशी. व्हॉट्सअॅपवर आलेल्या जीआरच्या फोटोतला तो आकडा शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ निर्णय एकतर समोर येतो, नाहीतर येत नाही. संकेतांकच कापलेला असेल तर तेवढ्यानेही बरंच कळतं. परीक्षा पुढे ढकलल्याची परिपत्रकं आणि पावसाच्या सुट्टीचे आदेश याच पद्धतीने मुळापाशी नेता येतात: ज्या कार्यालयाचं नाव वर आहे, त्या कार्यालयाच्या स्वतःच्या पानावर तो कागद आहे का? मुलं हे मिनिटभरात शिकतात. मात्र हे कुणीतरी एकदा करून दाखवावं लागतं, आणि ते कुणाच्याच विषयात बसत नाही.

आता टेबलाकडे येते, कारण माझा खरा आग्रह तिथे आहे.

२००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या एका बड्या उमेदवाराचे गोडवे गाणारा मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत शब्दशः एकच छापून आला होता. दैनिकं एकमेकांची स्पर्धक, मजकूर मात्र स्वल्पविरामासकट तोच. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे प्रकरण ‘द हिंदू’मधून मांडलं आणि ‘पेड न्यूज’ (पैसे घेऊन छापलेली बातमी) हा शब्द घराघरात पोचला. पुढे भारतीय प्रेस परिषदेने दोन सदस्यांची उपसमिती नेमली. तिचा सविस्तर अहवाल परिषदेने २०१० मध्ये पूर्ण प्रसिद्ध केला नाही. माहिती अधिकाराची लढाई झाल्यावर तो २०११ मध्ये लोकांसमोर आला. वर्गात मी हे प्रकरण सांगते ते एवढ्यासाठी की ही लबाडी उघडी पडायला कुठलंही खास यंत्र लागत नव्हतं. दोन-तीन दैनिकं शेजारी शेजारी पसरून वाचणारा माणूस लागत होता. मोबाइलवर दोन दैनिकं शेजारी पसरता येत नाहीत. तिथे बातमी एकेकटी येते, कुणीतरी पुढे ढकललेली, पानापासून तोडलेली. ती पहिल्या पानावर होती की सातव्या, तिच्याभोवती जाहिरात कुणाची होती, काही कळत नाही.

पान हातात असलं की बाकीच्या गोष्टीही दिसायला लागतात. बातमीच्या सुरुवातीला ‘प्रतिनिधी’ आहे, ‘विशेष प्रतिनिधी’ आहे, की ‘पीटीआय’ किंवा ‘वृत्तसंस्था’? एकच बातमी सहा ठिकाणी वाचली म्हणून ती सहा जणांनी तपासली असं मुलांना वाटतं. सहाही ठिकाणी ‘वृत्तसंस्था’ असेल तर ती बहुधा एकाच वृत्तसंस्थेकडून आलेली एकच बातमी असते, सहा वेळा छापलेली. हे कळल्यावर प्रकल्पांच्या संदर्भयादीत फरक पडतो, हा माझा अनुभव आहे. पुरवण्यांचंही तसंच. आपल्या शहरातल्या एका इंग्रजी पुरवणीच्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की ही पुरवणी ‘अॅडव्हर्टोरियल’ आणि ‘प्रमोशनल फीचर’, म्हणजे बातमीच्या रूपातली जाहिरात आहे. वर्षानुवर्षं पुरवणी वाचणाऱ्या प्राध्यापकांनाही ती ओळ दाखवावी लागली. ओळ छापलेली होती. वाचायची सवय नव्हती.

अशीच न वाचली जाणारी आणखी एक ओळ शेवटच्या पानाच्या तळाशी असते: मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक, छापखान्याचा पत्ता, आणि बातम्यांच्या निवडीसाठी कायद्याने जबाबदार कोण. हे बंधन १८६७ च्या कायद्याने आलं. ब्रिटिशांना छापणाऱ्यावर नजर ठेवायची होती, वाचकाची काळजी हा काही त्यामागचा हेतू नव्हता. १ मार्च २०२४ पासून त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली. हेतू काहीही असो, वाचकाला त्यातून एक हत्यार मिळालं. पहिल्या तासाला मी मुलांना एवढंच करायला लावते: हातातल्या दैनिकाच्या तळाची ओळ वाचा, आणि मग रोज बातम्या पाहता त्या इन्स्टाग्राम पानावर किंवा यूट्यूब वाहिनीवर अशी माणसं शोधा. कुणाला ती सापडतात. चांगली डिजिटल संकेतस्थळं संपादकांची नावं आणि पैसा कुठून येतो हे सांगतात. पुष्कळांना फक्त एक जीमेल पत्ता सापडतो. ‘चूक झाली तर तक्रार कुणाकडे करणार?’ हा प्रश्न मग मला विचारावा लागत नाही, तेच विचारतात. वर्तमानपत्राविरुद्ध प्रेस परिषदेकडे जाता येतं. तिच्या हातात ताशेरे ओढण्यापलीकडे फारसं काही नाही, आणि वृत्तवाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत, हेही त्याच तासाला सांगून टाकते. उगाच भाबडेपणा नको.

इंटरनेटवरच्या अनोळखी संकेतस्थळाचं काय करायचं, यावर एक परदेशी अभ्यास मला फार उपयोगी पडला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्र्यू यांनी २०१७ मध्ये तो मांडला. १० इतिहासाचे पीएचडी, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि स्टॅनफर्डचेच २५ विद्यार्थी यांना त्यांनी संकेतस्थळं पारखायला दिली. इतिहासकार आणि विद्यार्थी त्या पानावरच रेंगाळले. मांडणी, बोधचिन्ह, नावाचा रुबाब यांना पुष्कळदा भुलले. तपासनीस मात्र काही क्षणांत पान सोडून बाहेर पडले, नव्या टॅब उघडल्या आणि या संस्थेविषयी इतर लोक काय म्हणतात ते आधी पाहिलं. कमी वेळात त्यांची उत्तरं जास्त बरोबर आली. ‘आमची मुलं हुशार आहेत, त्यांना कळतं’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की तिथे फसलेली मुलं स्टॅनफर्डची होती. शिवाय प्राध्यापकांनाही या तासाला बसायला हरकत नसावी, असं त्या इतिहासकारांमुळे वाटतं.

चॅटजीपीटीमुळे आमच्या काउंटरवर नवीन प्रकार सुरू झाला आहे. मुलं लेखाचं नाव, वृत्तपत्र, तारीख घेऊन येतात आणि तो लेख मागतात. त्या तारखेचा अंक काढला तर त्यात तसा लेख नसतो. यंत्राने तो रचलेला असतो, लेखकासकट. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी असे न झालेले निवाडे न्यायालयात सादर केले आणि दंड भरला. आमच्या मुलांना दंड होत नाही, प्रकल्पाला गुण मिळतात. म्हणूनच मागचे अंक लागतात. एखाद्या वाहिनीच्या किंवा दैनिकाच्या बोधचिन्हासह खोटं विधान छापलेलं ग्राफिक निवडणुकीच्या दिवसांत फिरतं, तेव्हाही प्रश्न तोच असतो: त्या तारखेला त्यांनी हे दिलं होतं का? आम्ही काही महिन्यांचे अंक ठेवून पुढची रद्दी घालतो. जागा नाही हे मला तुमच्याइतकंच माहीत आहे. पण निदान दोन मराठी आणि एक इंग्रजी दैनिक वर्षभर ठेवा. त्याहून जुनं हवं असेल तर मुंबईसारखी सोय दुसरीकडे क्वचितच असेल. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यात १९५६ पासून वृत्तपत्रंही आली. त्यानुसार देशातल्या ज्या चार ग्रंथालयांकडे प्रकाशनांच्या प्रती जातात, त्यातलं एक आपल्या फोर्टच्या टाउन हॉलमध्ये आहे. १८९८ साली स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दादरला आहे. बीए-बीकॉमची तीन वर्षं चर्चगेट-दादर प्रवासात काढूनही या दोन्ही इमारतींत पाय न ठेवलेली मुलं पदवी घेऊन जातात. एक भेट ठरवा. प्रवासाचा खर्च लोकलच्या पासात बसतो.

आता तुमचे आक्षेप, जे मी बैठकांत ऐकलेले आहेत.

पैसा. दैनिकांचं महिन्याचं बिल पाहा आणि वार्षिक स्नेहसंमेलनाच्या एका फ्लेक्सचं बिल पाहा. याहून जास्त मी लिहीत नाही.

‘एन-लिस्ट आहे ना?’ आहे, आणि ते उत्तम आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटमार्फत मुलांना घरबसल्या हजारो संशोधनपत्रिका आणि ई-पुस्तकं मिळतात. किती मुलांनी लॉगिन मागून घेतलं, हा वेगळा आणि दुःखाचा विषय. पण त्यात रोजची वर्तमानपत्रं नाहीत. २०२५ च्या जानेवारीत सुरू झालेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनाही संशोधनपत्रिकांचीच, आणि पहिल्या टप्प्यात सरकारी संस्थांसाठी. काल रात्री सांताक्रूझला काय झालं, हे संशोधनपत्रिकेत यायला दोन वर्षं लागतील.

माणसं. हा आक्षेप खरा आहे. अनेक महाविद्यालयांत ग्रंथपालाचं पद रिकामं आहे आणि परिचर एकटाच काउंटर, कपाटं आणि अभ्यासिका सांभाळतो. तिथे एखाद्या प्राध्यापकाने हा तास घ्यावा. मराठीच्या, राज्यशास्त्राच्या किंवा बीएएमएमसीच्या (जनसंवादाच्या) शिक्षकांना तो सहज जमेल. आणखी एक वर्ग हाताशी आहे ज्याचा आपण कधी विचार करत नाही: अभ्यासिकेत सकाळपासून बसणारी एमपीएससीची मुलं. त्यांच्याइतकं वर्तमानपत्र या शहरात दुसरं कुणी वाचत नसेल. अग्रलेखावर पेन्सिलीने खुणा करू नका म्हणून मी त्यांना रागावते, पण प्रथम वर्षाच्या मुलांच्या शेजारी बसवायला माझी पहिली पसंती त्यांनाच आहे.

आणि राजकारण. ‘कुठला पेपर विश्वासार्ह, हे तुम्ही सांगायला लागलात तर वाद होईल.’ ही भीती तुम्ही उघड बोलत नाही, पण मुख्य ती आहे. मी अशी यादी देणार नाही. एखादं दैनिक महापालिकेच्या बातम्यांत पक्कं आणि आरोग्याच्या पानावर ढिसाळ असू शकतं. शिक्कामोर्तब करणारी एकच खिडकी असावी, हे कल्पना म्हणूनही मला पटत नाही. केंद्र सरकारविषयीच्या बातम्या खऱ्या की खोट्या हे सरकारच्याच पथकाने ठरवावं, असा नियम २०२३ मध्ये आला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले, प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम रद्द ठरला. पत्र सूचना कार्यालयाचं तथ्य-तपासणी पान मी तरीही मुलांना दाखवते, कारण सरकारचं म्हणणं काय आहे हे कळायला ते चांगलं आहे. त्याच्या शेजारी ‘ऑल्ट न्यूज’ आणि मुंबईतूनच चालणारं ‘बूम’ ही तथ्य-तपासणीची संकेतस्थळं उघडून ठेवते. कुणी काय तपासलं, कसं तपासलं, दुवे दिले का, हे मुलांनी स्वतः पाहावं. यात कुठल्या पक्षाला राग यावा?

वाद टाळायला हे न शिकवण्याची किंमत काय असते हे या राज्याने पाहिलं आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्यात तो ७५ मिमीच्या आत होता. एकाच शहराविषयी दोन टोकांच्या बातम्या आणि दोन्ही खऱ्या! त्यानंतर दोनच दिवसांनी त्सुनामी येतेय, धरण फुटलं, अशा अफवा उपनगरात पसरल्या आणि चेंगराचेंगरीत माणसं मेली. तेव्हा व्हॉट्सअॅप नव्हतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भटक्या समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारलं. त्या दिवसांत देशभर फिरणाऱ्या मुलं पळवण्याच्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा कापलेला तुकडा होती. शेवटची पाटी कापली की जनजागृतीची अफवा होते. पूर्ण फिल्म इंटरनेटवर होती आणि तपासणाऱ्यांना ती सापडलीही. पुढे पाठवणाऱ्यांना शोधायचं कसं हे ठाऊक नव्हतं. त्यांच्यात महाविद्यालयांतून बाहेर पडलेले लोक नसतील, असं मला खात्रीने म्हणता येत नाही.

६ जानेवारीला तुमच्याकडेही पत्रकार दिन होतो. बाळशास्त्री जांभेकरांच्या प्रतिमेला हार, दोन भाषणं, चहा. ज्या माणसाने १८३२ मध्ये याच शहरात ‘दर्पण’ काढलं, तो पुढे एल्फिन्स्टनमध्ये शिकवत होता. वर्तमानपत्र आणि वर्ग या दोन गोष्टी त्याला वेगवेगळ्या खात्यांच्या वाटल्या नाहीत. आपण त्या महाविद्यालयाच्या नॅक मूल्यांकनापुरत्या एकत्र आणतो, समिती येणार असली की टेबलावर नवे पेपर मांडून.

वेळापत्रकाचा मसुदा मे महिन्यात तयार होतो. तो सूचना फलकावर लागण्याआधी तुमच्या ग्रंथपालाला बोलवा आणि विचारा की आठवड्यातला कुठला तास चालेल. तासाला काय घ्यायचं ते वर लिहिलंच आहे. हवं तर त्यात बदल करा, कमी करा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचा तास मराठीत घ्या, मराठी दैनिकांवर घ्या. परीक्षा ठेवू नका. एका बातमीचा माग काढून दोन पानं लिहायला सांगा आणि त्याला अंतर्गत मूल्यमापनात थोडे गुण द्या, नाहीतर मुलं येणार नाहीत, हे तुम्हीही जाणता. आणि कृपा करून यंदाच्या यादीतून काट मारायचीच असेल, तर केबिनमध्ये जाणाऱ्या दोन प्रतींपासून सुरुवात करा. शब्दकोड्याची झेरॉक्स मी रोज वर पाठवीन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
उपनगरातल्या एका महाविद्यालयाची ग्रंथपाल